डाव्या सीटखालची प्लेट

नोकरीत किती पंचनामे केले याची मोजदाद माझ्याकडे नाही, आणि त्यातले बहुतेक मी विसरूनही गेलो आहे. पण दसऱ्याला झेंडूच्या माळा घातलेली गाडी समोरून गेली की एक पंचनामा हटकून आठवतो, आणि मग त्या दिवशी पुरणपोळीही गोड लागत नाही.

मी तेव्हा बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दसऱ्याचा बंदोबस्त लावून नुकता जेवायला बसणार, तोच फोन आला. डोणगावच्या रस्त्यावर गाडी पुलाच्या कठड्याला धडकली होती. जाऊन पाहतो तर दोन दारांची, बुटकी, जुनी स्पोर्ट्स कार. बोनेटवर माळ, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला, गाडी चालवणाऱ्याने वाचवायला स्टिअरिंग फिरवलं आणि ती कठड्यावर गेली. त्याचा हात मोडला, बाकी तो शाबूत होता. शेजारी बसलेली त्याची बायको जागीच गेली होती. तिची सीट गाडीच्या तळापासून उपटून तिच्यासकट पुढे आदळली होती. पट्टा तिने लावलेला होता.

नवरा बड्या शेतकऱ्याचा मुलगा. रडत नव्हता, बोलत नव्हता, नुसता त्या सीटकडे पाहत होता. अशा वेळी न रडणाऱ्या माणसाबद्दल लोक लगेच कुजबुजायला लागतात. आम्ही पोलीसही लोकच.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीचे वडील ठाण्यात आले. उंद्रीकडचे निवृत्त शिक्षक. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"सायेब, हा अपघात नाई," ते म्हणाले. "याच गाडीवरून पोरीचं अन् त्याचं भांडण झालं होतं. महिनाभर माहेरी राह्यली ती. नवरात्रात गोड बोलून घेऊन गेला. अन् आता एकच सीट तुटते? त्याची काऊन नाई तुटली?"

बापाचं दुःख म्हणून सोडून द्यावं असा तो प्रश्न नव्हता. मी आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकांना बोलावलं. ठाण्याच्या आवारात गाडी उचलून त्यांनी खालून पाहिली आणि मला वाकून बघायला लावलं. गाडीच्या मूळ सीटा काढून तिथे शर्यतीच्या गाड्यांत असतात तशा खोलगट सीटा बसवल्या होत्या. उजव्या सीटचे बोल्ट भारी पोलादाचे, आणि पत्र्याच्या खालून तळहाताएवढी जाड प्लेट देऊन आवळलेले. डावीकडे प्लेटच नव्हती. साधे बाजारी बोल्ट आणि त्यांना नाण्याएवढे वायसर.

"जुन्या गाडीचा पत्रा गंजून पातळ झालेला असतो," निरीक्षक म्हणाले. "खालून प्लेट दिली तर ओढ सगळीकडे वाटली जाते. नुसत्या वायसरवर बोल्ट पत्रा फाडून वर येतो. अन् हे पाहा, पट्ट्याची कडी या सीटलाच जोडलेली आहे. सीट सुटली की पट्टा असून नसल्यासारखा."

उजवी पक्की, डावी कच्ची. मला वाटलं, मास्तरांचं खरं निघालं. खुनाचा गुन्हा डोक्यात तयार होऊ लागला.

सीटा बसवणारा मिस्त्री शेजारच्या गावचा. ट्रॉल्या, नांगर, वखर यांचं वेल्डिंग करणारा, पन्नाशीचा माणूस. चौकशीला आणला. एकच पालुपद.

"म्या दोन्ही सीटा पक्क्या बसवल्या, सायेब. प्लेटा टाकून. मंग कोणी खोलल्या ते मले नाई माहीत."

"नवऱ्यानं खोलली असेल?"

तो जमिनीकडे पाहत राहिला. "असंल बा."

हे 'असंल बा' नवऱ्याला जन्मठेपेपर्यंत नेऊ शकत होतं. दवाखान्यात नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मले काई माहीत नाई." भिंतीकडे तोंड केलं. खोटं बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा एका वाक्यावर थांबला, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी दोन पंच आणि मिस्त्रीला बरोबर घेऊन त्याच्या दुकानावर गेलो. अपघाताची बातमी ऐकल्यापासून त्याने दुकान उघडलंच नव्हतं. शटर वर केलं, तर आत खंडेनवमीची पूजा तशीच मांडलेली. पाटावर लाल कापड, त्यावर नटबोल्टचे पाने, हातोडे, ड्रिल, वेल्डिंगचा चिमटा. सगळ्यांना हळदी-कुंकू, वर सुकलेला झेंडू. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पूजेत बसली की दसरा होईपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. माझ्या ठाण्यातल्या रायफलींचीही आम्ही पूजा करतो, त्यामुळे मी बूट काढून पुढे गेलो.

फुलं बाजूला केली आणि पान्यांच्या खाली ती दिसली. तळहाताएवढी जाड प्लेट. भोकं पाडून तयार, कडा घासलेल्या. शेजारी भारी पोलादाचे बोल्ट. प्लेटवर कुंकवाची पाच बोटं.

मी मिस्त्रीकडे वळलो.

"ही डाव्या सीटखाली जायची होती ना रे?"

"हाव," तो म्हणाला, आणि मग बांध फुटावा तसा बोलत सुटला. "अष्टमीले उजवी झाली. डावी नुसती उभी राहावी म्हणून साधे बोल्ट घातले, म्हटलं उद्या करू. अन् सकाळी घरच्यांनी पूजा मांडून टाकली. तो आला. लय विनवण्या केल्या, सायेब, त्यानं. पाना घे म्हणे, घंटाभराचं काम हाय म्हणे. म्याच नाई म्हटलं. देवापुढचं हत्यार कसं उचलू? म्हटलं घेऊन जा, पण दसरा झाल्यावर आणजो, तवरक डावीकडं कोणाले बसवू नको."

"मग खोटं का बोललास?"

"बाई मेली ना, सायेब. भेव वाटलं."

ज्याने बायकोला मारायचं ठरवलं, तो तिचीच सीट पक्की करून दे म्हणून हात जोडत नाही. खून नव्हता. पण मिस्त्रीने बजावलेलं होतं, म्हणजे नवऱ्याला माहीत होतं. मी ती प्लेट घेऊन दवाखान्यात गेलो आणि त्याच्यापुढे धरली. कुंकू पाहून तो जो रडला, तसा रडणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही.

"आई आरती घेऊन उभी होती," तो म्हणाला. "म्हणे जोडीनं सीमोल्लंघनाले जा. ती नवी साडी नेसून आली, तिचा तर या गाडीवरचा राग नुकताच गेला होता. सगळे हसून राह्यले होते. सणाच्या दिवशी कसं तोंडातून काढू, का इथं बसू नको, मरशील? म्हटलं शिवेपर्यंत तर जायचं हाय. हळू जाऊ. मंग शिवेवर तीच म्हणे, डोणगावच्या रस्त्यापर्यंत नेता का."

निष्काळजीपणाच्या गुन्ह्यात दोघांवर दोषारोपपत्र पाठवलं. कागदावर दोघांचा दोष बसतो तसा बसवला.

मास्तरांना मात्र ठाण्यात बोलावून सांगायला जीव धजेना, म्हणून मीच उंद्रीला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. जावई खुनी नाही याचं त्यांना बरं वाटलं की वाईट, ते मला कळलं नाही. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीले माहीत होतं का, सीट कच्ची हाय म्हणून?"

"नाही गुरुजी. तिला कोणी सांगितलंच नाही."

त्यांनी मान हलवली. "सांगितलं असतं तर उतरली असती हो. लहानपणापासून सांगितलेलं ऐके ती."

नोकरीत दुष्ट माणसं पुष्कळ भेटली, त्यांना पकडण्याचं शिक्षण आम्हाला दिलेलं असतं. इथे दुष्ट कोणीच नव्हतं. एकाने देवाचा मान राखला, दुसऱ्याने सणाचा, आणि त्या मुलीचा जीव गेला. मला दोघांचाही संताप येतो, आणि दोघांचीही कीव येते.

आता दसऱ्याला घरातली गाडी निघाली की मी आधी प्रत्येक सीट धरून हलवतो, पट्टे ओढून बघतो, आणि काही खटकलं तर आरतीचं ताट समोर असताना मोठ्याने सांगतो, की बसू नका, मराल. सुना नाराज होतात. बायको म्हणते, "सणासुदीचं काय हो अभद्र बोलता!" म्हणू दे. अभद्र बोलल्यामुळे कोणी मेल्याचा पंचनामा मी उभ्या नोकरीत एकही केलेला नाही.