सुमनचं पान आणि डेक्लनची बंदूक

बायकोच्या वर्षश्राद्धाला बंदूक लागत नाही. आमच्याकडे लागली, आणि तिच्या नळीला काय बसवायचं हे मीच ठरवलं होतं.

सुमन गेली तसं पोरानं, महेशनं, मला आयर्लंडला आणलं. म्हणाला, "बाबा, तीन महिने या, बदल होईल." मी आलो आणि पाठोपाठ लॉकडाऊन आला! मेयो परगण्यात, कासलबार गावाच्या बाहेर घर. पुढे गवत, मागे गवत, मधे मी. महेश आणि सूनबाई रूपाली दिवसभर कॉम्प्युटरशी बोलायचे. माझ्या वाट्याला आला शेजारचा डेक्लन. गुरंवाला, माझ्याच वयाचा. दगडी गडग्याच्या पलीकडे तो उभा, अलीकडे मी. (अंतराचा कायदा आम्ही कधी मोडला नाही. गडगाच मोडू देत नव्हता.) मला इंग्रजी गॅरेजपुरतं, त्याला मराठी शून्य. तरी गप्पा जेवण थंड होईपर्यंत!

या डेक्लनकडे काकाची जुनी, दांडगी रायफल होती. हरणं कुरणात घुसायची म्हणून परवाना काढून ठेवलेली. पण बार काढला की दस्ता खांद्यावर असा आदळायचा, की पुढचा आठवडाभर हा डाव्या हातानं चहा प्यायचा. एकदा त्यानं शर्ट सरकवून खांदा दाखवला. भरताचं वांगं हो!

मग मोबाइल पुढे केला. त्यात नळीच्या तोंडाला बसवायची दोन टोपणं. मझल ब्रेक म्हणतात त्याला. गोळी पुढे जाते, मागची वाफ टोपणाच्या भोकांतून बाजूला फुटते आणि बंदूक खांद्याला लाथ कमी मारते. एकाला बारीक भोकं होती. दुसऱ्याला खिडक्याच!

"विच?" डेक्लननं विचारलं.

आता मी सातवी नापास. पण सांगलीत उभा जन्म सायलेन्सर दुरुस्त करण्यात गेला. रिक्षाचे, ट्रॅक्टरचे, बुलेटचे. भोकं पाडलेली नळी म्हणजे आवाज बंद, हे मला कुणी शिकवायचं? (सायलेन्सरच्या नळीवर बाहेरून डबा असतो, या टोपणावर नव्हता. एवढीच बारीकशी गोष्ट नजरेतून सुटली.)

"बिग होल!" मी म्हटलं. "नो किक, नो साऊंड! फुल गॅरंटी!"

डेक्लननं कानावर हात ठेवून मान हलवली. त्याचं म्हणणं, दुकानदार म्हणतोय, आवाज उलटा वाढतो.

"शॉपवाला नथिंग नोइंग!"

डेक्लननं खिडक्यांवाला घेतला.

बंदूकवाल्यानं तो बसवून दिला नेमका श्राद्धाच्या आदल्या दिवशी. नेमबाजीची मैदानं बंद, म्हणून डेक्लन उद्या सकाळी स्वतःच्याच शेतात, मातीच्या बांधावर, चाचणी घेणार होता.

महेश म्हणाला, "बाबा, मी त्यांना सांगतो, संध्याकाळी करा. कावळे उडून जातील."

"काही नको. कुकरच्या शिट्टीएवढा आवाज येईल. मी निवडलाय."

"नक्की ना? आईचं पान आहे."

"तू मला सांगतोस, आईचं पान आहे?"

मलाही ते पान महत्त्वाचं होतं. सुमन आयुष्यभर सगळ्यांच्या मागून जेवली. भाजी संपली तर चटणीशी, चटणी संपली तर तशीच. या एका दिवशी तरी पहिलं पान तिचं. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय घरात कुणी तोंडात काही घालायचं नाही, असं मी बजावलं होतं.

रूपालीनं खीर, वडे, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं साग्रसंगीत केलं. सांगलीचे गुरुजी मोबाइलवर मंत्र सांगत होते. ताट गडग्यावर ठेवलं. समोरच्या झाडावर कावळे खच्चून भरलेले! इथल्या कावळ्यांची चोच गोऱ्यांसारखी पांढरट असते, पण भूक आपल्यासारखीच. एक तर अर्ध्या वाटेवर येऊन बसला होता.

तेवढ्यात पलीकडून डेक्लननं हाक मारली. गडग्याच्या टोकाला पोतं, पोत्यावर बंदूक. आपण निवडलेली वस्तू चालते कशी ते बघायला नको? मी गेलो आणि बरोब्बर नळीच्या बाजूला, खिडकीसमोर उभा राहिलो. डेक्लननं कानावर आवाज अडवणारी मोठी कानपटं चढवली, मला दुसरी जोडी दिली.

मी हसलो. "नो नीड!"

धडाम्!

टोपी गेली. चष्मा नाकावरून सुटून एका कानाला लोंबकळला. डोक्यात सांगलीतल्या सगळ्या रिक्षा एकदम सुरू झाल्या. वर बघितलं तर आकाश काळं! मेयो परगण्यातला कावळा न् कावळा समुद्राकडे निघालेला.

डेक्लन मात्र खांदा चोळायला गेला आणि थबकला. चेहरा उजळला. "नॉट अ थिंग! ग्रँड!"

मी दोन्ही हात हलवून नको नको म्हटलं. त्याला वाटलं, मी खूश झालोय. त्यानं आणखी एक बार काढला.

मोबाइलमधले गुरुजी म्हणाले, "यजमान, तिकडे लग्न आहे का?" (हे मला महेशनं नंतर सांगितलं. मला त्या वेळी फक्त रिक्षा ऐकू येत होत्या.)

तासभर वाट बघितली. झाड रिकामं, ताट भरलेलं. खीर थंडगार. महेश माझ्याकडे बघेना. शेवटी एकेकानं सुमनला शब्द द्यायला सुरुवात केली. महेश म्हणाला, रोज फिरायला जाईन. रूपाली म्हणाली, "आई, तुमची पैठणी मी दर पाडव्याला नेसेन." कावळा नाही.

"सुमन, तंबाखू सोडतो!" मी म्हटलं. कावळा नाही. (तिनं हे आधी बऱ्याचदा ऐकलं होतं.)

इतक्यात महेशनं डेक्लनला सगळं समजावलं. बिचाऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली. मग गोठ्यातून गुरांच्या दाण्याची बादली आणली आणि खडाखडा वाजवत बांधावरून फिरू लागला. रोज दाणा टाकताना कावळे याच आवाजाला जमायचे. एक आला, दोन आले, बघता बघता वरची विजेची तार भरली. पण खाली कुणी उतरेना.

"सुमन, ये गं! वडे गार झाले!"

"बाबा, ओरडू नका!"

"मी कुठं ओरडतोय!"

तारेवरचे चार उडाले.

"सुमन, तू म्हणायचीस त्या देवीच्या डोंगरावर जाऊ आपण, म्हणशील तिथं जाऊ, फक्त ये!"

आणखी चार उडाले. मला वाटत होतं, मी कुजबुजतोय. रूपालीचे डोळे भरून आले होते. तिनं माझा हात धरला आणि ओठांवर बोट ठेवलं.

मग मी म्हटलं, "बरं सुमन. आता मी काही बोलत नाही." आणि खरंच गप्प बसलो.

कावळा सरळ ताटात उतरला. वडा उचलला. मागून दुसरा आला, तो खिरीत पायांसकट.

महेश डोळे पुसत हसला. रूपाली माझ्या कानाशी येऊन मोठ्यानं म्हणाली, "बाबा, आईंची इच्छा एवढीच होती हो!"

एवढीच? अहो, उभ्या संसारात ती मला एकदाही पुरी करता आली नव्हती!