पासवर्ड न देताही मॅडमच्या नावानं कुणी शिरलं

मित्रांनो, डोकं तापलंय म्हणून इथं लिहून राह्यलो.

आमच्या संस्थेत एकदा लॉगिन केलं की मेल, हजेरी, मार्क सगळं उघडतं. ती सिस्टिम मीच सांभाळतो. आज सकाळी मंठ्याच्या आमच्या शाळेतल्या शेख मॅडमचा फोन आला. आवाज रडवेला. "सर, माझ्या लॉगिनमधून कुणीतरी पोरांचे मार्क बदलले. मला घरी बसवलंय. पासवर्ड मी कुणालाच दिला न्हाई, बिलकुल न्हाई!"

शोधलं, तर त्यांनी मेलमधून आलेल्या एका लिंकवरून लॉगिन केल्तं. पाठवणाऱ्यानं आधीच आमच्या सिस्टिमकडून एक सेशन नंबर, म्हणजे आत कोण आहे हे सिस्टिम ज्यावरून ओळखते तो नंबर, घेऊन त्या लिंकमध्ये घातला होता. लॉगिन झाल्यावर आमची सिस्टिम तो नंबर बदलतच नव्हती. मॅडम आत गेल्या, आणि त्याच नंबरावर तोही.

संस्थेच्या सचिवांना दोन कॉम्प्युटरवर हे करून दाखवलं. ते म्हणाले, "बाहेर बोलू नका. संस्थेची बदनामी होईल."

"आणि मॅडमची झाली ती?"

एवढं विचारून मी उठलो आणि लॉगिनच बंद केलं. दुरुस्ती करून संध्याकाळी चालू केलं. आता लॉगिन झालं की नंबर नवा. पण मॅडम अजून घरीच आहेत. त्या वर्गावर परत जाईपर्यंत मी रोज सचिवांच्या दारात जाणार.

तुमच्या ऑफिसात असं झालं, तर आधी काय तपासतील, सिस्टिम की माणूस?