शववाहिकेतला स्पीकर

अकोल्यात माझं गाड्यांना स्पीकर बसवायचं दुकान आहे. एक शववाहिकेचा ड्रायव्हर तिथं चहाला यायचा, पण गाडी लांब झाडाखाली लावून. मेलेल्या माणसाला तो ‘पॅसेंजर’ म्हणायचा आणि ‘बॉडी’ म्हणणाऱ्यावर डाफरायचा.

एकदा म्हणाला, “भाऊ, माह्या गाडीत स्पीकर अन् सीटखाली वूफर बसवून द्या. पन कोनाले दिसाले नाही पायजे.”

मी चिडलो. “मढ्यासोबत गाणे वाजवतं काय?”

त्यानं ग्लास खाली ठेवला. “गाणे नाही. परवा एक पॅसेंजर घेऊन सेमाडोहले गेलतो. कितीबी बांधा, घाटात मागचं स्ट्रेचर वाजतेच. खडखड झाली का बाजूले बसलेली त्याची बायको मागं पाहे. तिले वाटे, नवरा उठून राहिला. गाव येईपरेंत पाहतच होती. मले नुसती खोल घुमघुम पायजे. खडखड झाकली पायजे.”

मी वूफर बसवून वर काळं कापड लावलं. मग तपासायला त्याच्या शेजारी बसलो. त्यानं तंबोऱ्यासारखा एकच सूर लावून रिकामी गाडी खड्ड्यांतून नेली. खडखड ऐकू आली नाही. तरीही माझी नजर मागचं दाखवणाऱ्या आरशाकडे गेली.

तो त्यानं छताकडे वळवून ठेवला होता.