एका विहिरीच्या दोघी

माझा दोर जावेने हिसकला. दोर तुटला आणि ती माझ्या हंड्यामागोमाग विहिरीत गेली.

“मेलीस का गो?” मी काठावरून ओरडले.

“न्हाय. तुझा हंडा चेपलाय.” पाय मोडला होता, तरी हे सांगायला ती विसरली नाही.

मे महिना. तळाला घोटाभर पाणी. मानकोलीकडची ही विहीर सासऱ्यांनी खणलेली. दोघा भावांनी घर वाटलं, शेत वाटलं, विहीर सामाईक ठेवली. एक दिवस तिची पाळी, एक दिवस माझी. पूर्वी पाळी कुणी पाहतही नसे. दोन हजार सालानंतर पाणी आटायला लागलं आणि आम्ही एकमेकींना चोर ठरवलं. ती म्हणे मी चोरून उपसते, मी म्हणे ती. एकमेकींच्या घरच्या हळदीलाही गेलो नाही.

मी शेजारच्या गोदामातले हमाल बोलावले. ते तिला वर काढायला दोरांना खाट बांधत होते तेवढ्यात लाइट गेली, गोदामाची मोटार थांबली. खालून जाऊ ओरडली, “बाय, झरा सुटला! पानी येतंय!” बसल्या जागी तिच्या मांड्या बुडाल्या. लाइट आली, मोटार घुरघुरली आणि झरा तिच्या डोळ्यांदेखत बंद पडला.

आमचं पाणी गोदामाची बोअर ओढत होती. त्या गोदामाला जमीन विकली आमच्याच नवऱ्यांनी. दारात मोटारसायकली आल्या. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. हंडे मात्र आम्हीच वाहायचे.

जावेचा पाय प्लास्टरात होता, तेव्हा माझी शाळकरी नात तिच्यापाशी बसून इंग्रजीचा धडा वाचायची. एकदा म्हणाली, “राइव्हल म्हणजे स्पर्धेतला समोरचा. बाई म्हणाल्या, जुन्या लॅटिनमध्ये एकाच ओढ्याचं पाणी घेणाऱ्यांना तसं म्हणायचे.”

“म्हंजे आमी दोघी,” जाऊ म्हणाली. “आन् गोदामवाला?”

“त्याला शेठ म्हणतात, आजी.”

जाऊ हसली. मला हसू आलं नाही, अजून येत नाही. पाण्यावरून भांडणाऱ्यांसाठी कुणीतरी शब्द केला, तो पार आमच्या पडवीपर्यंत पोचला. ओढाच गिळणाऱ्याला मात्र आम्ही रस्त्यात नमस्कार करत होतो! शेठला जाब विचारायला दोघांपैकी एकाही भावाने पाय उचलला नाही. पुढे विहीर बुजवली, तीही त्या दोघा भावांनीच.

माझा नवरा गेला, दीर गेला. जाऊ लंगडते, पण आहे. मीही आहे.