हव्वेची लेकरं

साउदाचे वडील म्वालिमू अथमान आमच्या बेटावर मुलांना कुराण शिकवत आणि मेलेल्यांना तलकीन सांगत. माणूस पुरला, बाकीचे हात झटकून उभे राहिले, की ते उशाशी वाळूत बसत आणि त्याला हाक मारत. बापाच्या नव्हे, आईच्या नावाने. अमक्या बाईच्या लेकरा, आता दोन देवदूत येतील, तुला प्रश्न विचारतील, भिऊ नकोस, असं असं उत्तर दे. आईचं नाव कुणालाच ठाऊक नसेल तर म्हणत, हव्वेच्या लेकरा. समुद्राने आणून टाकलेल्या खलाशांना ते अशी हाक मारत, आणि त्या दिवशी घरी आले की नीट जेवत नसत.

साउदा त्यांची थोरली. मोम्बासाला शिकली, मग नैरोबीला, मग जर्मनीत राहून आली. जुन्या हाडांतून डीएनए काढायचा आणि कोण कुठून आलं ते शोधायचं, हे तिचं काम. आमच्याकडची हाडं उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने आतून पोखरलेली असतात; बाहेरचे शास्त्रज्ञ त्यांचा नाद सोडून देत. साउदा सोडत नसे. एकाच नमुन्यामागे महिनोन्‌महिने लागायची. हिच्या हाती दगड दिला तरी तो आपल्या आजीचं गाव सांगेल, असं प्रयोगशाळेतले लोक तिला चिडवत.

जुन्या मशिदीमागची थडगी उघडायची परवानगी मागायला ती आली तेव्हा सगळी वडीलधारी मंडळी ओट्यावर कॉफी पीत बसली होती.

“पोरी, आमचे पूर्वज उकरून तुला कळणार काय?” बाना लालींनी विचारलं. “आपण इराणातल्या शिराझहून आलो हे माझ्या बकरीलाही ठाऊक आहे.”

“मग बकरीची थुंकी द्या, बाना लाली. तिचं गावही बघून ठेवते.”

सगळे हसले. म्वालिमू हसले नाहीत. “आईकडचं कळतं म्हणालीस?”

“कळतं, बाबा. आईकडून लेकराला एक धागा येतो. तो कितीही पिढ्या मागे नेता येतो.”

त्या थडग्यांवरची नावं कधीच झिजून गेली होती. त्यांना कुणी हाक मारत नव्हतं. म्वालिमूंनी कप खाली ठेवला. “ने मग. पण आहेत तसे परत आण.”

“आणते,” साउदा म्हणाली. म्वालिमू बोलल्यावर बाकी कुणी आडकाठी आणली नाही.

तिने शब्द दिला तो खोटेपणाने नाही. अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा प्रत्येकाचा जाणार होता, आणि त्या कामात असलेल्या माणसाला तेवढं गेलं तरी सांगाडा पूर्णच वाटतो.

दोन पावसाळे गेल्यावर निकाल आला. बापांच्या बाजूला इराणची खूण निघाली. आया मात्र जवळजवळ साऱ्या इथल्या, याच किनाऱ्याच्या. बाना लाली कितीतरी दिवस ओट्यावर फिरकले नाहीत. शेजारची म्हातारी बीबी रेहमा मुद्दाम त्यांच्या दारावरून जायची आणि मोठ्याने म्हणायची, “गलबतातून उतरले, नारळाच्या रसातला मासा खाल्ला आणि राहिले! तो रांधला कुणी ते मात्र विसरले!”

म्वालिमूंचा आनंद वेगळाच होता. ते घरोघरी सांगत फिरले की आता या लोकांना नुसतं हव्वेची लेकरं म्हणायला नको; या किनाऱ्याच्या लेकीच्या लेकरा, अशी हाक मारता येईल. आपल्या मुलीने हे आणून दिलं, हे प्रत्येक दारात ते पुन्हा सांगत.

हाडं पांढऱ्या कापडात परत आली. आमच्याकडे बायका दफनाला आत जात नाहीत. आम्ही कबरस्तानाच्या बुटक्या भिंतीबाहेर उभ्या होतो. साउदाला तेवढं आत घेतलं, कारण कोण कुठल्या थडग्यातलं हे तिलाच ठाऊक होतं.

म्वालिमूंनी पहिलं मस्तक स्वतः उचललं. उजवा गाल मातीला लागेल असं ठेवायला त्यांनी ते वळवलं, आणि त्यांचं बोट कानामागच्या खळग्यात गेलं.

“हे काय, साउदा?”

“तिथलं हाड घ्यावं लागतं, बाबा. सगळ्यात टणक असतं. आपल्या उन्हात बाकी कशात काही उरत नाही.”

“मग आण ते. जागेवर ठेवू.”

“त्याची भुकटी करावी लागते.”

“सगळ्यांचं घेतलंस?”

“सगळ्यांचं.”

म्वालिमूंनी मस्तक पुन्हा कापडावर ठेवलं. मग त्यांनी विचारलं, “हे हाड कशाचं?”

तिला त्याचं लांबलचक शास्त्रीय नाव सांगता आलं असतं.

“ऐकण्याचं,” ती म्हणाली.

“माझी मुलगी तू. लहानपणी या भिंतीला टेकून माझी तलकीन ऐकायचीस. ते हातात घेतलंस तेव्हा आठवलं नाही?”

“नाही आठवलं, बाबा.”

बाना लाली पुढे झाले. थडगी उघडू नका म्हणणारे तेच, पण त्यांचा आवाज मऊ होता. “म्वालिमू, अल्लाहला काय अवघड आहे? तो ऐकवेल त्यांना.”

“तो ऐकवेल,” म्वालिमू म्हणाले. “पण मी कुणाशी बोलू?”

त्यांनी दुआ मागितली, वाळू लोटली, पाणी शिंपडलं. तलकीन झाली नाही. ते आमच्यासमोरून घरी गेले, नेहमीसारखे सगळ्यांना सलाम करत. साउदा आत ओल्या वाळूवर हात ठेवून बसून राहिली. तिला उठवायला अखेर बीबी रेहमा आत गेली, आणि कुणी तिला अडवलं नाही.

घरात भांडण झालं नाही. ईदला साउदा येते, म्वालिमू तिच्यापुढे बाजरीची भाकरी मोडून ठेवतात, मासळीचं, छपराचं बोलतात. कामाचं विचारत नाहीत.

काम तिने सोडलं नाही. आता परवानगी मागायला कुठल्याही गावात गेली की ती आधी प्लास्टरचं एक मस्तक पुढ्यात ठेवते, कानामागे बोट टेकवते आणि म्हणते, हे परत येणार नाही. बहुतेक गावं नको म्हणतात. तिचे शोधनिबंध कमी झाले, बरोबरीचे लोक पुढे निघून गेले. एकदा दक्षिणेकडच्या एका गावाने तिला असंच परत पाठवलं, तेव्हा तिने घरी फोन लावला आणि वडिलांना सगळं सांगितलं. प्लास्टरच्या मस्तकाचंही सांगितलं.

“त्या गावाचं बरं झालं,” म्वालिमू म्हणाले, आणि फोन तिच्या आईकडे दिला.