खिडकीखालची पूर्व

माझ्या हातून आजवर बरीच मोडतोड झाली आहे, पण सूर्य उलट्या बाजूने उगवायला लावण्याचा प्रकार एकदाच घडला. माझ्या थोरल्या बहिणीला तिच्या तिसरीच्या वर्गात फरशीवर चार दिशा लिहून हव्या होत्या. माझं अक्षर बरं आहे. बाकी काही बरं नसल्यामुळे ते उठून दिसतं. ताई बैठकीला गेली आणि मी ऑइलपेंटचा डबा घेऊन रिकाम्या वर्गात शिरलो. दुपारचे चार वाजले होते. खिडकीतून सूर्य थेट डोळ्यांत येत होता. सूर्य जिकडे, पूर्व तिकडे, एवढा भूगोल मला येत होता. घड्याळाकडे बघायचं मात्र सुचलं नाही. खिडकीखाली टपोऱ्या अक्षरांत ‘पूर्व’ लिहिलं, त्या हिशेबाने बाकीच्या तिन्ही दिशा लिहिल्या आणि प्रत्येकीला एक वेलबुट्टी काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला.

“वेलबुट्टी छान आहे,” ती म्हणाली.

मी खूष.

“आता ये आणि सूर्य कुठल्या बाजूने आत येतोय ते बघ.”

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण दोन दिवसांनी, शुक्रवारी, शाळेची तपासणी होती.

ताई तिसरीला शिकवते याला सव्वीस वर्षं झाली. मुख्याध्यापिका व्हायची संधी दोनदा चालून आली. “खुर्चीत बसून कोणाला काय शिकवू?” म्हणून तिने दोन्ही वेळा ती परत पाठवली. तिच्या पर्समध्ये होकायंत्र, खडू आणि मोजायची टेप असते. भावोजी सांगतात, “घरात मीठ कुठे आहे विचारलं, तर ही म्हणते साखरेच्या ईशान्येला.”

गेल्या वर्षी तिने वर्गाला उत्तर दिशा दाखवायला सांगितली, तर चाळीसच्या चाळीस बोटं छताच्या पंख्याकडे गेली. भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते ना! दक्षिण कुठे, तर खाली, कचऱ्याच्या डब्याजवळ. त्याच तासाला ताईने स्टुलावर चढून नकाशा उतरवला, खऱ्या उत्तरेकडे वरची कड करून फरशीवर पसरला आणि मुलांना त्याच्याभोवती बसवलं. तेव्हापासून तिचा भूगोल जमिनीवर चालतो.

मुख्याध्यापकांना ते मुळीच पटलं नव्हतं. “बाई, नकाशा ही काय चटईसारखी अंथरायची वस्तू आहे?” शेवटी असं ठरलं, की शुक्रवारी येणाऱ्या साहेबांनी निकाल द्यायचा. मुलांना दिशा सांगता आल्या तर ठीक. नाही तर नकाशा पुन्हा खिळ्याला, आणि भूगोलाच्या निम्म्या तासांना गणित.

मी टर्पेंटाइनची बाटली घेऊन धावत शाळेत गेलो.

“लांब हो,” ताई म्हणाली.

“अगं, दहा मिनिटांत पुसून टाकतो.”

“मुलांनी आल्याआल्या वाचलंय ते. त्यांच्या डोक्यातलं कशाने पुसशील?”

तिने वाळूने भरलेल्या बादलीत एक काठी रोवली आणि बादली अंगणाच्या मधोमध ठेवली. दर तासाला दोन मुलांनी जायचं आणि सावलीच्या टोकाशी खडूने खूण करायची. “फरशी खरी की सावली खरी, तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही.”

वर्गात दोन तट पडले. फरशीच्या बाजूला जास्त मुलं होती. त्यांची पुढारी एक दोन वेण्यांची मुलगी, जिला ताई ‘वकीलबाई’ म्हणायची. तिचा मुद्दा बिनतोड होता: “एवढ्या सुंदर अक्षरात कोण खोटं लिहील?” इतकी दाद मला आयुष्यात मिळालेली नाही, आणि इतकी लाजही वाटलेली नाही.

मुख्याध्यापक दारातून डोकावले. “बाई, पुसून घ्या हो. साहेबांसमोर शोभा होईल.”

“होऊ दे, सर. वर्ग माझा आहे,” ताई म्हणाली आणि फळ्याकडे वळली.

गुरुवारी वकीलबाई शाळा भरायच्या तासभर आधी येऊन बादलीपाशी उभी राहिली. त्या दिवशी ती फरशीच्या बाजूने एक अक्षर बोलली नाही.

शुक्रवारी साहेब आले ते नेमके भर दुपारी. सूर्य डोक्यावर, म्हणजे त्याचीही मदत नाही. मी दाराबाहेर जीव मुठीत धरून उभा. साहेब खिडकीखाली, बरोबर माझ्या ‘पूर्व’वर उभे राहिले आणि त्यांनी वकीलबाईलाच उठवलं.

“पूर्व कुठे आहे?”

तिने समोरच्या दाराकडे हात केला. मुख्याध्यापकांनी रुमाल काढला.

“माझ्या पायाशी काय लिहिलंय, वाच बघू.”

“पूर्व.”

“मग?”

“ते चुकलंय. तुम्ही पश्चिमेला उभे आहात.”

साहेबांनी पाय जरा मागे घेतला. “कशावरून?”

“चला, दाखवते.”

ती त्यांना अंगणात घेऊन गेली. आम्ही सगळे मागोमाग. खडूच्या खुणांवर बोट ठेवत ती म्हणाली, “सकाळी सावली या बाजूला पडते. म्हणजे सूर्य त्या बाजूला. आम्ही दोन दिवस मोजलंय. तुम्हाला खरं वाटत नसेल तर उद्या सकाळी या. पण लवकर या.”

साहेब वर्गात परतले आणि त्यांनी मागच्या बाकावरच्या चौघांना एकेक करून विचारलं. चारही हात दाराकडे गेले. ताई कोपऱ्यात हाताची घडी घालून उभी होती, चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

“आणि हे लिहिलं कोणी?” साहेबांनी विचारलं.

चाळीस बोटं माझ्याकडे वळली. मुलांची दिशा पक्की झाली होती, यात शंका नाही.

साहेब मुख्याध्यापकांना म्हणाले, “नकाशा खालीच राहू द्या. तासही सगळे राहू द्या.”

शाळा सुटल्यावर ताई गुडघे टेकून नकाशाची घडी घालत होती. मला राहवलं नाही.

“काही म्हण ताई, माझ्या चुकीमुळेच तुझा तास वाचला.”

तिने मान वर न करता सांगितलं, “तास मुलांनी वाचवला, तू फक्त फरशी घाण केलीस.”