रेझिनमध्ये तरंगणारं घड्याळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालासुद्धा नाही. आज तुम्हाला सांगते.

पांढुर्ण्यात मी रेझिनची, म्हणजे ओतल्यावर काचेसारख्या घट्ट होणाऱ्या रसायनाची, कामं करते. फुलं-पानं तर सगळेच त्यात घालतात. मला वेड यंत्रांच्या सुट्या भागांचं. पारदर्शक रेझिनचा पातळ थर ओतायचा, तो चिकट झाला की त्यावर एक चक्र ठेवायचं, मग पुढचा थर. शेवटी सगळे भाग हवेत तरंगल्यासारखे दिसतात. पण आमचा उन्हाळा! रेझिन तापून पिवळं पडतं, आणि कूलर लावावा तर त्याच्या दमट हवेनं ढगाळतं. भंगारातल्या घड्याळांचे किती ठोकळे मी फेकले असतील!

घरात चांगलं घड्याळ एकच — सासऱ्यांचं, चाबीचं. ते गेल्यावर सासूबाई रोज चहाआधी त्याला चाबी द्यायच्या. एकदा त्या लेकीकडे सौंसरला गेल्या, तिथून जामसांवलीच्या देवळात दर्शनाला जाणार होत्या. जाताना म्हणाल्या, "रोज चाबी देत जाजो वं बाई."

त्या परत आल्या तेव्हा घड्याळ ठोकळ्यात होतं. पहाटेच्या गारव्यात एकेक भाग धुऊन, पुसून रेझिनमध्ये बसवलेला — आणि काय सांगू, एक बुडबुडा नाही! उजेडात धरलं तर स्प्रिंगचा वेढा न् वेढा मोजून घ्या. मी अक्षरशः नाचले होते.

"तुम्ही गेलात आणि घड्याळ बंदच पडलं," असं मी त्यांना सांगितलं. त्या स्वतःलाच बोल लावू लागल्या. "माह्याच हातानं चाबी जास्त झाली असन." तेव्हा मी काय म्हणाले? "बघा, बुडबुडा एकही नाही."

पुढे नागपूरच्या प्रदर्शनात त्याच ठोकळ्याला पहिलं बक्षीस मिळालं. आता घरी पाहुणा आला की सासूबाई तो खिडकीशी नेतात. "घड्याळ म्या बिघडवलं, पण माह्या सुनेनं पाह्य कसं सोनं केलं!" आणि मी — लाज वाटायला हवी ना? — फुलून जाते.

घड्याळ चालू होतं. मी उघडलं तेव्हाही टिकटिकत होतं. सासूबाईंच्या हातून काहीच बिघडलं नव्हतं. हे एक वाक्य त्यांना सांगायला मला कुणी अडवलं होतं? कुणीच नाही. ठोकळा दाखवताना त्यांच्या डोळ्यांत माझं जे कौतुक असतं, ते मला हवं होतं. अजूनही हवं आहे.